शिकलेलेच पुन्हा शिकायचे का?

बारावी होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या विद्यार्थ्याची एक तक्रार बहुतेक शिक्षकांच्या कानावर आलेली असते : "सर, पहिले दोनतीन महिने बारावीचेच चालले आहे." अणूची रचना, व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, सारे पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारावे तर ते म्हणतात, "मुले शिकून आलेली असतात, पण कळलेले नसते. आम्हाला पायापासूनच सुरुवात करावी लागते." दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. मग ज्याला खरोखरच कळलेले आहे त्याचे काय करायचे? आणि त्याला कळले आहे, हे कोणी आणि कसे ठरवायचे?

या प्रश्नांवर अमेरिकेत ७० वर्षांहून अधिक काळ एक मोठा प्रयोग चालू आहे. त्याचे नाव 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट', थोडक्यात ए. पी. शब्दशः अर्थ 'पुढच्या वर्गात बसवणे'. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा एखादा विषय शिकायचा, मे महिन्यात देशभर होणारी परीक्षा द्यायची, १ ते ५ यांपैकी एक गुण मिळवायचा. आणि विद्यापीठाने तो गुण पाहून त्या विषयाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, द्यायचे अशी ही योजना. आपल्याकडे पदविका झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्याची येथे आठवण होईल. पण तो प्रवेश एका पूर्ण अभ्यासक्रमाच्या बदल्यात असतो. ए. पी.मध्ये एकेका विषयाचा निवाडा एकेका परीक्षेवर होतो.

या योजनेचा इतिहास पाहताना आपण एकाच प्रश्नावर लक्ष ठेवू : परीक्षेतला एक आकडा नेमके काय सांगतो, आणि आपण त्याच्याकडून काय काय वदवून घेतो?

तासांवर मोजलेले शिक्षण

आधी 'श्रेयांक' ही कल्पना कोठून आली ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील प्रत्येक नामवंत महाविद्यालय आपापली प्रवेश परीक्षा घेत असे. एका शाळेतील पाच मुले पाच महाविद्यालयांत जाणार असतील तर शिक्षकाला पाच तऱ्हांची तयारी करून घ्यावी लागे. या गोंधळावर उपाय म्हणून काही महाविद्यालयांनी व शाळांनी एकत्र येऊन १९०० साली 'कॉलेज बोर्ड' स्थापन केले. जून १९०१ मध्ये बोर्डाने पहिली सामाईक परीक्षा घेतली, तेव्हा ९७३ विद्यार्थी बसले होते.

दुसरा धागा निघाला प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनातून! प्राध्यापकांना म्हातारपणी हलाखीत दिवस काढावे लागतात हे पाहून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलर दिले. त्या निधीचे पहिले अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांच्यापुढे लगेच प्रश्न उभा राहिला : हे पैसे कोणत्या संस्थेतील प्राध्यापकांना द्यायचे? त्या काळी अमेरिकेत शाळेपेक्षा फारशा वरच्या नसलेल्या संस्थाही स्वतःला 'कॉलेज' म्हणवून घेत. म्हणून निधीने एक अट घातली. प्रवेश देताना विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत किमान १४ 'युनिट' पुरी केलेली आहेत असे जी संस्था पाहील, तीच महाविद्यालय मानली जाईल. एक युनिट म्हणजे एक विषय वर्षभर, सुमारे १२० तास शिकणे.

निवृत्तिवेतनाच्या लोभाने म्हणा किंवा सोय म्हणून म्हणा, ही पट्टी पाहता पाहता देशभर पसरली. महाविद्यालयांतही तिचेच भावंड रुजले. आठवड्याला एक तास, असे एक सत्र बसले की एक श्रेयांक. साधारण १२० श्रेयांक झाले की पदवी. हिशेब सुटसुटीत झाला. विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊ शकला, वेळापत्रके आखता आली, पगार ठरवता आले. मात्र या पट्टीने मोजला जातो तो वर्गात घालवलेला वेळ. त्या वेळात डोक्यात काय गेले, हे पट्टी सांगत नाही.

हे जाणवलेली माणसे तेव्हाही होती. शिकागो विद्यापीठाने रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष असताना, १९३१ साली, तास मोजणे बाजूला ठेवून सर्वंकष परीक्षा सुरू केल्या. तयारी झाली असे वाटेल तेव्हा विद्यार्थ्याने परीक्षेला बसावे, हजेरीची सक्ती नाही. पण शिकागो एकटे पडले. बाकी देश तास मोजतच राहिला.

तीन शाळा आणि तीन महाविद्यालये

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९४४ च्या कायद्याने परत आलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळाली आणि महाविद्यालये भरून वाहू लागली. १९५० साली कोरियाचे युद्ध सुरू झाले. तरुणांना पुन्हा सैन्यात बोलावणी येऊ लागली आणि शिक्षणाची वर्षे वाया जाऊ नयेत ही चिंता घरोघरी पोचली. त्याच सुमारास, १९५१ साली, फोर्ड प्रतिष्ठानने शिक्षणातील प्रयोगांसाठी एक स्वतंत्र निधी उभा केला. या निधीच्या मदतीने तीन गोष्टी सुरू झाल्या.

पहिली अगदी सरळ होती : हुशार मुलांना शाळा पुरी होण्याआधीच महाविद्यालयात घ्यायचे. शिकागो, कोलंबिया, विस्कॉन्सिन आणि येल या चार विद्यापीठांनी ते करून पाहिले. पण आपली उत्तम मुले अशी मध्येच उचलून नेणे शाळांना रुचण्यासारखे नव्हते.

दुसरी होती एक पाहणी. अँडोव्हर, एक्झेटर व लॉरेन्सव्हिल या तीन नामांकित खासगी शाळा आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन व येल ही तीन विद्यापीठे यांच्या शिक्षकांची एक समिती बसली. त्यांनी साधेच काम केले. या शाळांतून या विद्यापीठांत गेलेल्या मुलांचे शाळेतील अभ्यासक्रम आणि विद्यापीठातील अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांडून पाहिले. समितीचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या शेवटच्या दोन आणि महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांत बरेच काही दोनदा शिकवले जाते, आणि त्याचा फटका चांगल्या विद्यार्थ्यालाच अधिक बसतो, असे त्यात दिसून आले. पुनरुक्तीने त्याचा वेळ जातो, आणि वेळेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उत्साह जातो.

तिसरी गोष्ट ओहायो राज्यातील केनियन या छोट्या महाविद्यालयातून निघाली. तेथील अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांचे म्हणणे असे की मुलांना शाळेतून लवकर काढू नका. शाळेतच महाविद्यालयाच्या दर्जाचे शिक्षण द्या आणि त्याची कदर महाविद्यालयाने करावी. १२ महाविद्यालये या योजनेत सामील झाली. विल्यम कॉर्नॉग हे फिलाडेल्फियातील एका सार्वजनिक शाळेचे प्रमुख कार्यकारी संचालक झाले. ११ विषयांसाठी समित्या नेमल्या गेल्या, आणि प्रत्येक समितीत शाळेतील शिक्षक व महाविद्यालयातील प्राध्यापक एकाच टेबलाशी बसले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या विषयात नेमके काय यायला हवे, हे त्यांनी मिळून लिहून काढले.

आम्हाला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची घटना हीच वाटते. शाळा आणि महाविद्यालय यांमधली भिंत दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी बोलून ओलांडली. परीक्षा ही त्या संवादाची पुढची पायरी होती.

परीक्षेवर विश्वास ठेवण्याआधी तिची तपासणीही झाली. १९५४ साली तीच प्रश्नपत्रिका शाळेतील मुलांना दिली गेली आणि त्या महाविद्यालयांत तो विषय शिकलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही दिली गेली. शाळेतील मुले त्या तुलनेत कमी पडली नाहीत. १९५५ साली कॉलेज बोर्डाने ही योजना आपल्याकडे घेतली. इतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स केलर तिचे पहिले संचालक झाले. १९५६ च्या मे महिन्यात १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थ्यांनी २,१९९ प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि ते १३० महाविद्यालयांत दाखल झाले. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. आपले विज्ञान-शिक्षण मागे पडले अशी अमेरिकेची भावना झाली आणि हुशार मुलांना पुढे नेणाऱ्या प्रत्येक योजनेला, ए. पी.लाही, बळ मिळाले.

'५' म्हणजे काय?

आता या परीक्षेची रचना पाहू. प्रश्नपत्रिकेचे साधारण दोन भाग असतात : बहुपर्यायी प्रश्न आणि सविस्तर उत्तरांचे प्रश्न. पहिला भाग यंत्र तपासते. दुसरा भाग जून महिन्यात शाळांचे शिक्षक व महाविद्यालयांचे प्राध्यापक मिळून, ठरलेल्या गुणदान-तक्त्यानुसार तपासतात. दोन्ही भागांची बेरीज होते आणि त्या बेरजेचे रूपांतर १ ते ५ या मोजपट्टीत होते.

या पाच अंकांना शब्द जोडलेले आहेत. ५ म्हणजे 'अत्यंत पात्र', ४ म्हणजे 'चांगला पात्र', ३ म्हणजे 'पात्र', २ म्हणजे 'कदाचित पात्र' आणि १ म्हणजे 'शिफारस नाही'. शब्द नीट वाचा. कोठेही 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' नाही. बोर्ड शिफारस करते, निर्णय विद्यापीठाचा. पट्टी बसवताना महाविद्यालयातील प्रत्यक्ष विद्यार्थ्यांशी तुलना केली जाई. त्या महाविद्यालयीन विषयात 'ए' श्रेणी मिळवणारा विद्यार्थी या प्रश्नांत जितके गुण मिळवील, तेथे ५ ची रेषा, अशा तऱ्हेने.

विद्यापीठ या गुणाचे दोन वेगळे उपयोग करू शकते आणि ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. एक, 'स्थान' : विद्यार्थ्याला कलनाचा पहिला अभ्यासक्रम माफ, त्याने थेट दुसऱ्यात बसावे, पण पदवीसाठी लागणारे एकूण श्रेयांक त्याने पुरे केलेच पाहिजेत. दोन, 'श्रेयांक' : पहिला अभ्यासक्रम झाला असे धरून तेवढे श्रेयांक त्याच्या खात्यावर जमा. पहिल्यात विद्यार्थ्याची पुनरुक्ती वाचते. दुसऱ्यात त्याचा वेळ आणि फी वाचते. योजनेच्या नावात 'स्थान' आहे. इतिहासाच्या ओघात लोकांचे लक्ष हळूहळू 'श्रेयांका'कडे गेले.

विषयागणिक अडचणीही निराळ्या. कलनाचा पहिला अभ्यासक्रम बहुतेक विद्यापीठांत जवळपास सारखा असतो, म्हणून तेथे तुलना सोपी. तरीही १९६९ पासून कलनाच्या दोन परीक्षा कराव्या लागल्या. 'एबी' साधारण एका सत्राच्या कलनाइतकी, 'बीसी' दोन सत्रांइतकी. संगणकशास्त्राची परीक्षा १९८४ साली सुरू झाली ती पास्कल भाषेत. १९९९ साली ती सी प्लस प्लसमध्ये गेली आणि २००४ साली जावामध्ये. विषयच बदलत असेल तर 'पहिल्या वर्षाइतके' म्हणजे किती, हे पुन्हा पुन्हा ठरवावे लागते.

गारफिल्ड शाळेतील १८ मुले

आरंभीची ए. पी. ही सुस्थितीतील शाळांची मिरास होती. ती तशीच राहणे भाग नाही, हे एका शिक्षकाने दाखवून दिले. बोलिव्हियाहून अमेरिकेत आलेले हाइमे एस्कलांते १९७४ पासून लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफिल्ड शाळेत गणित शिकवत होते. वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. १९८२ साली या शाळेतील १८ मुले कलनाच्या ए. पी. परीक्षेला बसली आणि सर्वच्या सर्व ३ किंवा अधिक गुण घेऊन बाहेर पडली.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेला १४ उत्तरपत्रिकांत संशयास्पद साम्य दिसले आणि तिने निकाल रोखला. उत्तरपत्रिकांवरून संशय घेतला की वस्तीवरून, हा वाद तेव्हा पेटला. अखेर त्या १४ पैकी १२ जणांनी नव्या प्रश्नपत्रिकेवर पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पार झाले. १९८८ साली या घटनेवर एक गाजलेला चित्रपटही निघाला.

चित्रपटात जी गोष्ट नीट दिसत नाही ती शिक्षकांनी लक्षात घ्यावी. हे यश एका वर्षाचे नव्हते. एस्कलांते यांचा पहिला कलनाचा वर्ग १९७८ चा, मूठभर मुलांचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या इयत्तांतील बीजगणित सुधारले, पुढे उन्हाळी वर्ग सुरू केले, आणि १९८७ साली गारफिल्डमधून ८० हून अधिक मुलांनी कलनाची परीक्षा पार केली. बाहेरच्या परीक्षेचा त्यांना एक फायदा निश्चित झाला. मुलांचे नाव, शाळा, वस्ती यांना बाजूला सारून 'याला कलन येते' असे म्हणणारा एक परका साक्षीदार त्यांना मिळाला. पुनर्परीक्षेनंतर त्या मुलांची योग्यता नाकारणे कोणालाही शक्य राहिले नाही. प्रमाणित परीक्षेवर टीका करताना ही बाजू विसरून चालणार नाही.

श्रेयांकाची किंमत

१९५६ च्या १,२२९ विद्यार्थ्यांचे २०१९ साली २८ लाखांहून अधिक झाले होते आणि प्रश्नपत्रिका सुमारे ५१ लाख. वाढीची कारणे समजण्यासारखी आहेत. एका बाजूला महाविद्यालयाची फी भरमसाट वाढली. एका विषयाच्या परीक्षेची फी सुमारे १०० डॉलर, आणि तिच्या बदल्यात महाविद्यालयातील एका अभ्यासक्रमाची हजारो डॉलरची फी वाचू शकते. दुसऱ्या बाजूला प्रवेश देताना विद्यापीठे 'याने किती ए. पी. विषय घेतले?' हे पाहू लागली. पुनरुक्ती टाळण्यासाठी निघालेली परीक्षा अशी प्रवेशाच्या स्पर्धेतील शिडी झाली. ज्या विद्यार्थ्याला कलनाची ओढही नाही आणि बीजगणिताचा पायाही पक्का नाही, तोही कलनाच्या वर्गात ढकलला जाऊ लागला. अखेर २०१२ साली अमेरिकेतील गणित-शिक्षकांच्या दोन प्रमुख संघटनांना संयुक्त निवेदन काढावे लागले की शालेय गणिताचे अंतिम ध्येय विद्यार्थ्याला कलनापर्यंत पोचवणे हे नसून पुढच्या गणितासाठी त्याचा पाया भक्कम करणे हे आहे.

विज्ञानाच्या विषयांत निराळी अडचण दिसली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००२ साली दिलेल्या अहवालात म्हटले की अशा प्रगत अभ्यासक्रमांत विषयांची यादी लांबलचक आणि समज उथळ राहते. त्यानंतर अभ्यासक्रम पालटले. भौतिकशास्त्राचा एका वर्षात कोंबलेला 'बी' अभ्यासक्रम २०१४ मध्ये बंद होऊन त्याचे दोन वर्षांचे दोन भाग झाले. जीवशास्त्र व रसायनशास्त्रातही पाठांतराचा भार कमी करून प्रयोगाला व तर्काला जागा केली गेली.

विद्यापीठे मात्र दोन दिशांना गेली. हार्वर्डने २००२ साली ठरवले की यापुढे फक्त ५ हाच गुण मानायचा. डार्टमथ महाविद्यालयाने २०१४ पासून दाखल होणाऱ्यांना ए. पी.चे श्रेयांक देणेच बंद केले. स्थान देणे चालू ठेवले. उलट इलिनॉय राज्याने २०१५ साली कायदा केला की राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांनी ३ गुणांनाही श्रेयांक दिलेच पाहिजेत. त्याच वर्षी टेक्सासनेही त्याच धर्तीचा कायदा केला. म्हणजे तोच विद्यार्थी आणि तोच गुण ३. एका ठिकाणी त्याला विषय येतो, दुसऱ्या ठिकाणी येत नाही! 'शिफारस आमची, निर्णय तुमचा' हे मूळ सूत्र एका बाजूला नामवंत विद्यापीठांनी ताणले आणि दुसऱ्या बाजूला विधिमंडळांनी मोडले.

आणखी एक विसंगती. २०१८ साली वॉशिंग्टन परिसरातील आठ प्रतिष्ठित खासगी शाळांनी मिळून जाहीर केले की आपण ए. पी.चे वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करणार. ज्या प्रकारच्या शाळांतून ही योजना निघाली, त्याच प्रकारच्या शाळा आता तिच्यातून बाहेर पडू लागल्या. नामवंत शाळेला बाहेरच्या साक्षीदाराची गरज नसते. गारफिल्डसारख्या शाळेला असते.

प्रयोग कसा करायचा?

मोजमाप हेच आमचे रोजचे काम असल्यामुळे आम्हाला पुढचा प्रश्न साहजिकच पडतो : ए. पी.च्या श्रेयांकाने विद्यार्थ्याचे भले होते का, हे शोधायचे कसे?

श्रेयांक मिळालेली मुले पुढे चांगली चमकतात, असे दाखवणारे अभ्यास पुष्कळ आहेत. पण ही मुले मुळातच हुशार, बऱ्या शाळांतील असतात. ती तशीही चमकली असती. डार्टमथच्या मानसशास्त्र विभागाने उलट बाजूने एक चाचणी केली होती. ए. पी. मानसशास्त्रात ५ मिळवून आलेल्या १०० हून अधिक विद्यार्थ्यांना विभागाच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेची छोटी आवृत्ती दिली. सुमारे १० टक्केच उत्तीर्ण झाले. आकडा धक्कादायक आहे. परंतु येथेही एक प्रश्न विचारायला हवा. डार्टमथमध्येच तो अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यांना काही महिन्यांनी, तयारीविना, तीच परीक्षा दिली असती तर किती जण पार झाले असते? हा नियंत्रण-गट नसेल तर दोष ए. पी.चा की मानवी विस्मरणाचा, हे ठरत नाही.

२०१७ साली स्मिथ, हर्विट्झ आणि एव्हरी या संशोधकांनी एक सुबक वाट काढली. (हर्विट्झ कॉलेज बोर्डाचेच संशोधक, हेही ध्यानात ठेवावे.) समजा, एखाद्या परीक्षेत एकूण बेरीज ६० झाली तर गुण ३ मिळतो आणि ५९ झाली तर २. साठवाला आणि एकोणसाठवाला यांच्या ज्ञानात म्हणण्यासारखा फरक नाही. पण एकाला श्रेयांक मिळतो, दुसऱ्याला नाही. म्हणजे रेषेच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची मुले हे निसर्गतःच तयार झालेले दोन सारखे गट! लाखो विद्यार्थ्यांच्या माहितीवर ही तुलना केल्यावर दिसले की श्रेयांक मिळवून देणाऱ्या गुणामुळे चार वर्षांत पदवी पुरी होण्याची शक्यता साधारण १ ते २ टक्क्यांनी वाढते. परिणाम खरा आहे आणि बेताचा आहे. जाहिरातींत दिसतो त्यापेक्षा लहान, टीकाकार म्हणतात त्यापेक्षा मोठा. हा अभ्यास एवढेच सांगतो की श्रेयांकामुळे पदवी वेळेवर होण्यास मदत होते. विषय अधिक समजतो का, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर आहे.

पट्टीच बदलली तर?

अलीकडच्या दोन घटना या आकड्याचे स्वरूप स्पष्ट करतात. २०२० च्या साथीत ए. पी. परीक्षा घरी बसून, पुस्तके जवळ ठेवून, अवघ्या ४५ मिनिटांत झाली. गुण मात्र त्याच १ ते ५ च्या पट्टीवर दिले गेले. दुसरी घटना २०२२ ते २०२४ या काळातील. कॉलेज बोर्डाने अनेक विषयांच्या रेषा नव्या पद्धतीने आखल्या. अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण २०२३ साली सुमारे ४८ टक्के होते, ते २०२४ साली सुमारे ७२ टक्के झाले. एका वर्षात सारी मुले एवढी शहाणी होणे शक्य नाही. बोर्डाचे म्हणणे असे की जुन्या रेषा महाविद्यालयांतील प्रत्यक्ष श्रेणींपेक्षा कडक राहिल्या होत्या, त्या जुळवून घेतल्या. हे खरेही असू शकेल. पण मग महाविद्यालयांतील श्रेणीच सैल झाल्या असतील तर? पट्टी ज्या भिंतीला टेकवून आखायची ती भिंतच सरकत असेल, तर पट्टीवरचा ३ काल आणि आज एकच राहत नाही.

आपल्यापुरते

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'श्रेयांक' हा शब्द प्रत्येक महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आला आहे. २०२१ साली श्रेयांकांची 'बँक' सुरू झाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांचा अभ्यास म्हणजे एक श्रेयांक आणि वर्षाला ४० श्रेयांक असा हिशेब दिला आहे. शालेय शिक्षणालाही त्यात स्थान आहे, आणि आधी मिळवलेल्या ज्ञानाची दखल घेण्याची तरतूदही आहे. म्हणजे बारावीत जे पक्के झाले ते पहिल्या वर्षात माफ व्हावे का, हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही दारात येणार.

तो येईल तेव्हा कोणती परीक्षा आणि किती गुण, यावरच बोलणे सुरू होईल अशी आम्हाला भीती वाटते. अमेरिकेत सुरुवात तशी झाली नव्हती. तेथे आधी अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांडले गेले, मग दोन्हीकडचे शिक्षक एकत्र बसले, मग तीच प्रश्नपत्रिका दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना देऊन पाहिली, आणि त्यानंतर गुण आले.

यातली पहिली पायरी चढायला कोणाच्या आदेशाची गरज नाही. आपल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयाचे दोन शिक्षक आणि पदवी महाविद्यालयाचे दोन प्राध्यापक एखाद्या शनिवारी दुपारी भेटले, भौतिकशास्त्राचे बारावीचे व पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम समोर ठेवले, आणि काय दोनदा शिकवले जाते व काय एकदाही नीट शिकवले जात नाही याची यादी केली, तरी पुष्कळ उलगडेल. दुसऱ्या रकान्याची यादी बहुधा पहिल्यापेक्षा लांब निघेल. ज्याला सारे येते त्याला पुढे जाऊ द्यावेच, पण ज्याला शिकवूनही कळलेले नाही त्याचे काय करायचे, हे ती यादी आपल्याला विचारील.